चूल एकच, गॅस धरायचा नाही

कॉलेजातल्या बाकीच्या विभागांत किस्से घडतात आणि विरून जातात. आमच्या समाजशास्त्र विभागात ते साठून राहायचे. कारण साधं आहे. रसायनवाल्यांचं ॲसिड बाटलीत गप्प बसतं, वनस्पतीवाल्यांचं पान कागदात दाबलेलं असतं. आमचा अभ्यासाचा विषय म्हणजे लोकांची घरं, आणि घरं उलटून बोलतात!

मी शिरूरच्या एका कॉलेजात बरीच वर्षं तासांवर शिकवलं. माहेर-सासर दोन्ही दौंडचं, त्यामुळे पहाटे एसटी धरायची, चौफुल्याला उतरायचं, न्हावऱ्यावरून जाणारी दुसरी गाडी पकडायची आणि दहाच्या आत फळ्यापुढं उभं राहायचं. विभागात माणसं दोनच, प्रमुख जगदाळे सर आणि मी. म्हणजे सर प्रमुख होते ते फक्त माझे.

नव्वदच्या दशकात प्राध्यापकांत पीएच.डी.ची साथ आली होती, ती सरांनाही लागली. विषय घेतला, ‘औद्योगिकीकरण आणि कुटुंबसंस्थेतील परिवर्तन : शिरूर व दौंड तालुक्यांचा अभ्यास’. पुस्तकातला सिद्धांत असा, की कारखाने आले की माणसं कामामागं हलतात, एकत्र कुटुंब मोडतं आणि नवरा, बायको, पोरं एवढंच उरतं. सरांना हे मंजूर नव्हतं. आपल्याकडचं एकत्र कुटुंब चिवट असतं, ते मोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुरावा? सरांचं वरवंडचं घर! आबा, आई, तीन भाऊ, तीन सुना आणि पोरंटोरं. थीसिसमधलं सगळ्यात जाड प्रकरण त्या घरावर होतं. नाव तेवढं बदललेलं, ‘कुटुंब क’.

व्याख्याही सरांनी स्वतःच केली होती. ‘एका छपराखाली राहणारे आणि एका चुलीवर शिजलेलं खाणारे, ते एकत्र कुटुंब.’

आता गंमत बघा. सर स्वतः आठवडाभर शिरूरला खोली करून राहायचे आणि स्टँडमागच्या खानावळीत जेवायचे. वहिनी आणि मुलगी वरवंडला. वहिनींची इच्छा एकच होती आणि ती आमच्या अख्ख्या स्टाफरूमला पाठ होती. शिरूरला दोन खोल्या घ्याव्यात, पोरीला तिथल्या शाळेत घालावं, आणि आज काय शिजवायचं ते आपलं आपण ठरवावं. सरांचं उत्तरही पाठ होतं, ‘थीसिस होऊ दे.’ कारण वहिनी शिरूरला आल्या की ‘कुटुंब क’ फुटलं, आणि ते फुटलं की सरांचा निष्कर्ष आडवा झाला.

पहिल्या वर्षाच्या वर्गात एका मुलीनं सरळ विचारलं, “सर, व्याख्येप्रमाणं तुम्ही मग खानावळीच्या कुटुंबात येता ना?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “मी संशोधक आहे. संशोधकाला मोजायचं नसतं.”

*

पाहणीला सर मला बरोबर न्यायचे. बायका परक्या पुरुषाशी बोलत नाहीत, हे त्यांचं कारण. प्रत्यक्षात बायकांशी बोलायची वेळ क्वचित यायची, कारण सर आधी पुरुषांना विचारायचे आणि त्यातच दिवस जायचा.

पाबळच्या बाजूला एका वस्तीवर आप्पा म्हणून एक म्हातारे बाजेवर बसले होते. आमच्याकडची जुनी माणसं बायकोचं नाव घेत नाहीत, ‘आमचं कुटुंब’ म्हणतात, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. सर तर पक्के वरवंडचे. पण प्रश्नावली हातात आली की ते पुण्याचे व्हायचे.

सरांनी वाचलं, “गेल्या वीस वर्षांत आपल्या कुटुंबात काही बदल झाला आहे काय?”

“व्हय, झाला ना,” आप्पा म्हणाले. “पयलं कुटुंब वारलं.”

“अरेरे! सगळं कुटुंब?”

“सगळंच की. अर्धं कसं वारंल?”

मी सरांच्या कोपराला हात लावला. सरांनी कोपर काढून घेतलं. “मग सध्याचं कुटुंब?”

“ते दुसरं. धाकटी मेव्हणीच केली.”

“जुन्या कुटुंबात आणि नव्या कुटुंबात तुम्हाला काय फरक जाणवतो?”

आप्पांनी घराच्या दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “पयलं गरीब व्हतं. हे जरा तापट हाय. भांडी आपटतंय.”

सरांनी लिहिलं, ‘नव्या कुटुंबरचनेत संघर्षाचे प्रमाण अधिक आढळते.’

परतताना एसटीत मी सगळं उलगडून सांगितलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “उत्तर मिळालं ना? मग प्रश्न बरोबर होता.” ते वाक्य थीसिसमध्ये अजून आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन कुणीही बघावं.

*

कारखान्यांचा परिणाम बघायला आम्ही सणसवाडीला गेलो. तिथं जिकडंतिकडं पत्र्याच्या भाड्याच्या खोल्या, दोरीवर वाळणारे कंपनीचे निळे शर्ट, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर किराणा दुकानं. सरांना इथं ‘विभक्त कुटुंब’ हवं होतं, म्हणजे शत्रुपक्षाचा नमुना. एका खोलीचं दार वाजवलं. आत लांबलांबच्या मुलखातून आलेले पाच-सहा जण, एका स्टोव्हवर भात शिजतोय, दोघं जमिनीवर गाढ झोपलेले.

सर दारातच थबकले. एक छप्पर, एक चूल! त्यांच्या व्याख्येप्रमाणं हे तर अस्सल एकत्र कुटुंब निघालं.

त्यांनी आपल्या हिंदीत विचारलं, “आप लोगों का आपस में नाता क्या है?”

भात ढवळणारा म्हणाला, “साब, मैं फर्स्ट शिफ्ट, ये सेकंड शिफ्ट. जो सोए हैं वो नाइट शिफ्ट.”

सरांनी बराच वेळ पेन चावलं आणि ‘इतर’ या रकान्यात खूण केली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “अपवादानं नियम सिद्ध होतो.” सरांच्या त्या थीसिसमध्ये नियमापेक्षा अपवादच जास्त सिद्ध झाले.

*

दौंडच्या पुढं एका माळावर, सगळे मामा म्हणत अशा एका शेतकऱ्याचं घर होतं. त्यांची आधीची पिढी मेंढरं घेऊन फिरायची, मामांनी जमीन घेतली आणि ऊस लावला. सरांना एक सिद्धांत फार आवडायचा, की भटकं जीवन थांबलं, माणसं एका जागी बसली की कुटुंब घट्ट होतं. मामांच्या तोंडून तेवढं वदवून घ्यायचं होतं.

“स्थिर झाल्यापासून घर जास्त एकत्र झालं, नाही का?” सरांनी विचारलं. याला प्रश्न म्हणत नाहीत, पण असो.

मामा म्हणाले, “पयल्यांदा मेंढरामागं जायचो तवा एक भाव कोकणात, एक इकडं. पावसाळ्यात गाठ पडायची. मंग बसून जेवायचो, रडायचो, हसायचो. आता बारा म्हैनं एकाच बांधावर. तवा तोंडं दिसत नव्हती म्हणून एकत्र व्हतो, मास्तर.”

मला वाटलं, सर आता तरी खाली मान घालून लिहितील. पण मामाही काही कमी नव्हते. आम्ही उठताना त्यांनी हळूच विचारलं, “ते जाऊ द्या. कागदावर एकत्र लिवल्यावर काय मिळतंय, आन् येगळं लिवल्यावर काय? तसं सांगतो.”

*

हा किस्सा अगदी छोटा. एका गावच्या पुढाऱ्याला सरांनी विचारलं, “तुमचं कुटुंब एकत्र की विभक्त?”

पुढारी म्हणाला, “रेशनला येगळं, सोसायटीला येगळं, मतदानाला एकत्र.”

“आणि घरात?”

“घरात कुणी इचारत न्हाई.”

*

मग आलं गॅसचं प्रकरण. दिवाळीनंतर एकदा सरांनी मला वरवंडला पाठवलं, ‘कुटुंब क’मधल्या स्त्रियांच्या मुलाखती घ्यायला. स्वतःच्या बायकोची मुलाखत आपण घेतली तर ती वस्तुनिष्ठ होणार नाही, असं म्हणाले. मला वाटतं, त्यांना उत्तराची भीती होती.

घर मोठं, अंगण सारवलेलं. दोन्ही धाकट्या जावांच्या खोल्यांत एकेक गॅसची शेगडी. मी विचारलं तर दोघींनी एकाच सुरात सांगितलं, “पोरांच्या दुधासाठी.” असेल बाई. मी मान हलवली. पण त्या दुधाला लसणाच्या फोडणीचा वास येत होता! पलंगाखालून मिसळणाचा डबा अर्धा बाहेर आलेला, आणि एकीच्या पोराच्या तोंडाला अंड्याची पोळी लागलेली.

मागच्या सोप्यात खरी चूल. तिथं वहिनी एकट्या. डोळे लाल, हातात फुंकणी. सासू-सासऱ्यांचं, गड्याचं, पोरीचं, आल्यागेल्याचं त्या एका चुलीवर चाललेलं. मी पोत्यावर टेकले आणि प्रश्नावली उघडली. “तुमचं कुटुंब एकत्र आहे का?” मलाच लाज वाटत होती विचारायला.

वहिनींनी फुंकणी खाली ठेवली. “मॅडम, त्या दोघी कवाच येगळ्या निघाल्यात. ह्या घरात एकत्र अशी मी एकलीच ऱ्हातीय.”

मी हे शब्दाला शब्द सरांना सांगितलं. गॅसच्या शेगड्यांचंही सांगितलं. सर चिडले नाहीत, उलट शिकवायला लागले. “मॅडम, चूल ही संस्था आहे. गॅस हे उपकरण आहे. उपकरण धरायचं नाही.”

“आणि वहिनींचं काय? त्यांना शिरूरला यायचंय.”

“येऊ दे ना. मी कुठं नाही म्हणतो? थीसिस होऊ दे.”

मला राग आला होता. आजही येतो. माणसानं आयुष्यभर पोट भरायचं ते ‘कुटुंब का बदलतं’ हे शिकवून, आणि आपलं घर बदलायला निघालं की त्याला खुंटीला बांधून ठेवायचं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

*

थीसिस व्हायला वेळ लागत होता. मधल्या काळात वहिनींची पोर वरवंडच्या शाळेत वर वर सरकत गेली, दोन्ही जावांच्या खोल्यांत टीव्ही आले, आणि शिरूरला सरांनी खानावळ बदलली.

त्याच काळात कॉलेजात एकदिवसीय चर्चासत्र झालं. विषय, बदलतं कुटुंब. बाहेरून बरीच मंडळी यायची होती. आचारी ठरला होता, तो आदल्या दिवशी आजारी पडला. सरांनी पीसीओवरून वरवंडला फोन फिरवला. सकाळी टेम्पोतून पिठलं, भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी आणि गव्हाची खीर आली. भाकऱ्या अजून गरम होत्या. बाईचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसणार.

सरांचा निबंध होता, ‘कुटुंबातील स्त्रीचे अदृश्य श्रम : स्त्रीवादी दृष्टिकोन’. चांगला वाचला, खोटं कशाला बोलू. आवाज मध्येच जड झाला, समोरच्या दोन बायकांनी डोळे पुसले. जेवणाच्या वेळी जो तो विचारत होता, “पिठलं कुणाचं?” सर म्हणत होते, “घरचंच.”

शेवटी आभार मानायचं काम सरांकडंच होतं. त्यांनी प्राचार्यांचे मानले, मंडपवाल्याचे मानले, माइकवाल्याचे मानले, शिपायाचे मानले, टेम्पोवाल्याचेसुद्धा मानले. मी चिठ्ठी पुढं सरकवली, ‘वहिनी’. सरांनी ती वाचली आणि खिशात घातली.

नंतर मी विचारलं तर म्हणाले, “घरच्या माणसाचे आभार कसले मानायचे? ते परकेपणाचं दिसतं.”

*

आता शेवटचा, आणि हा मी कुठंही सांगते.

अखेर तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. विद्यापीठात जायला शिरूरहून जीप ठरवली, सरांच्या बाजूनं टाळ्या वाजवायला मी बरोबर. बाहेरून आलेले परीक्षक वयानं मोठे, बोलायला मऊ, ऐकून घेणारे होते. सरांनी नेहमीप्रमाणं सगळे सिद्धांत रांगेनं उभे केले. एक म्हणतो कुटुंब समाजाच्या गरजेप्रमाणं बदलतं, दुसरा म्हणतो घरातल्या सत्तेच्या भांडणानं बदलतं, तिसरा म्हणतो देवाणघेवाणीचा हिशेब बसेनासा झाला की बदलतं. मग त्यांना ‘कुटुंब क’नं एकामागून एक आडवं पाडलं. पदवी जाहीर झाली, पेढे वाटले गेले, सगळं झालं.

तिथंच सरांच्या तोंडून निघालं की ‘कुटुंब क’ हे आमचंच घर. परीक्षक म्हणाले, “अरे वा! मला सोलापूरलाच जायचंय. वरवंड रस्त्यावरच आहे. तुमची ती चूल बघूनच जातो की.”

सरांनी हसून “अवश्य” म्हटलं आणि पेढ्याचा बॉक्स माझ्या हातात देऊन फोन शोधायला पळाले. धाकट्या भावाशी काय बोलणं झालं ते मी ऐकलं, कारण बॉक्स घेऊन मीही मागोमाग गेले होते. “शेगड्या गोठ्यात न्या. वर पोती टाका. सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं. दोघींना सांग, आजच्या दिवस सोप्यात दिसा.”

दुपारी पुढं परीक्षकांची गाडी, मागं आमची जीप, असे आम्ही वरवंडला पोचलो. घर अगदी चित्रासारखं लावलेलं! आबा फेटा बांधून दारात. भाऊ ओळीनं. धाकट्या दोघी सोप्यात, एक कणीक मळतेय, एक कांदा चिरतेय. कांदा चिरणारीला त्या सोप्यात विळी कुठं असते तेही माहीत नव्हतं, ती वहिनींना खुणेनं विचारत होती. वहिनी चुलीपुढं, नेहमीच्या जागी. गोठ्यातली म्हैस पोत्याकडं बघून सारखी फुरफुरत होती.

परीक्षक पंगतीत बसले, दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्यानं डोळ्यात पाणी आणलं. मग ते मागं वळून चुलीकडं बघत म्हणाले, “वहिनी, तुम्हालाच विचारतो. शेजारीपाजारी सगळी घरं फुटली. तुमचं मात्र इतकी वर्षं एकत्र राहिलं. काय कारण असेल?”

सर घास तसाच ठेवून पुढं झुकले. “सर, त्याचं मूळ आपल्या मूल्यव्यवस्थेत—”

“ते तुम्ही सकाळी सांगितलंत,” परीक्षक म्हणाले. “त्यांना बोलू द्या.”

वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली. इकडं न बघताच म्हणाल्या, “ह्यांची पीएचडी.”

आबांनी फेटा सारखा केला. परीक्षक गोंधळून सरांकडं बघायला लागले, सर ताटाकडं.

वहिनींनी विचारलं, “झाली का ती?”

“झाली की,” परीक्षक म्हणाले. “आज सकाळीच झाली. साहेब डॉक्टर झाले तुमचे.”

वहिनींनी शेवटची भाकरी उतरवली, टोपल्यात ठेवली, फडक्यानं झाकली. चुलीतली लाकडं मागं ओढली. पदराला हात पुसत उठल्या आणि मला म्हणाल्या, “मॅडम, ती जीप शिरूरलाच चाललीय न्हवं? मागं मला आन् पोरीला जागा हाय का?”